सव्वा रुपयाचे साडू

माझ्या साडूंनी आयुष्यात एकही गोष्ट पूर्ण करून सोडली नाही. लगेच गैरसमज करून घेऊ नका. अर्धवट सोडणारा माणूस वेगळा, तो मी. साडू प्रत्येक गोष्ट पूर्ण करायचे आणि तिच्यावर पाव भाग आणखी करायचे. त्यांचं जेवण पाच पोळ्यांवर थांबायचं नाही, सव्वापाचांवर थांबायचं, आणि तो वरचा चतकोर ताईंनी, म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीनं, तव्यावरून उतरवतानाच मोडून बाजूला ठेवलेला असायचा. चहाचा कप रिकामा झाला की तो पुन्हा पुढं यायचा आणि त्यात चार घोट पडल्याशिवाय मागं जायचा नाही. मनगटावरचं घड्याळ जगाच्या पाव तास पुढं. लग्नात आहेराचं पाकीट हातात घेतलं की आत काहीतरी खुळखुळायचं; एक्कावन्न रुपयांच्या वर चार आणे टाकून ते चिकटवलेलं असायचं, आणि मांडवातल्या पोरी ते पाकीट कानाशी हलवून म्हणायच्या, "मौसाजीचं आलं." रायपूरच्या बूढापाऱ्यातल्या आपल्या घरात त्यांनी हौसेनं नवी न्हाणी बांधली आणि शेवटची एक फरशी बसवूच दिली नाही. त्या भोकातून एकदा विंचू निघाला. ताई ओरडल्या तर हे दारातूनच शांतपणे म्हणाले, "विंचू आला त आला. न्हाणी पुरी झाली असती त काय आलं असतं, ते सांगा!" काय आलं असतं हे त्यांनी कधी सांगितलं नाही. पण ते म्हणताना त्यांनी त्या भोकाकडे ज्या प्रेमानं पाहिलं, त्यानं मला विंचवापेक्षा जास्त शहारा आला.

आम्ही दोघंही एकमेकांना 'साडू' म्हणायचो. त्यामुळे कोण कोणाला हाक मारतंय हे तिसऱ्याला कळत नसे, आणि अंधार पडल्यावर कधीकधी मलाही कळत नसे.

त्यांच्या फिरण्याची गोष्ट तर साऱ्या बूढातलावाला ठाऊक होती. घरासमोरून निघायचं, तलावाला पूर्ण फेरी मारायची, निघालो तिथं पोचायचं, आणि तिथं न थांबता पुढं पाव फेरी जाऊन मग थांबायचं. आता घर मागं राहिलेलं. माघारी फिरावं तर ती पाव फेरी पुसली जाते. पुढं चालत राहावं तर दोन फेऱ्या पुऱ्या होतात, म्हणजे पुन्हा पाव भाग पुढं जाणं आलं. या पेचातून सुटायला त्यांनी एक सायकल रिक्षावाला बांधून ठेवला होता. तो रोज त्या पाव फेरीच्या जागी, एका पिंपळाखाली उभा असे आणि साडूंना रस्त्यानं घरी आणून सोडत असे. डॉक्टरनं चालायला सांगितलेला माणूस रोज रिक्षातून घरी येतो, याचं मला फार हसू यायचं. एकदा दिवेलागणीला मी त्यांच्याबरोबर गेलो. फेरी पूर्ण झाली, घर समोर आलं, मी सवयीनं पाय आवरला, तशी त्यांनी माझं मनगट धरलं. हात बर्फासारखा. "थांबू नका साडू. इथं थांबाचं नाही." मी चालत राहिलो. आणि तुम्हाला सांगतो, आमच्या मागं इतका वेळ कोणाच्या तरी चपला फटफट वाजत होत्या. कोणीतरी आपलं फिरायला आलेलं असेल. त्या चपला बरोबर त्या जागी थांबल्या. मी मागं वळणार तोच साडू म्हणाले, "पाहू नका. त्याचं पुरं झालं. आपलं चालू आहे."

या सव्वाचं मूळ फार जुनं आहे. तेव्हा रायपूर राजधानी व्हायचं होतं आणि त्यांची मुलगी अजून रांगत होती. ताईंना असा ताप धरला की उतरेना. डॉक्टर रोज येत, रोज नाडी बघत, आणि रोज थोडं कमी बोलत. शेवटी एका भर दुपारी, चैत्रातल्या अष्टमीला, साडू घरातून उठले आणि चालत सुटले. तलावाच्या एका कोपऱ्यात कडुलिंबाखाली शेंदूर फासलेले देवीचे चार दगड आहेत. त्यांच्याशेजारी गोणपाटावर एक म्हातारी बसलेली असते. आमच्या इकडे म्हातारीला डोकरी म्हणतात. साडूंनी ताईंसाठी काय वाटेल तो नवस बोलायची तयारी केली होती. सोन्याची नथ, बोकड, कळस, सगळं. डोकरी म्हणाली, "सवा रुपिया, बाबू. हर साल. न कमती, न जादा." साडूंना अपमानच वाटला. "एवढंच?" तर डोकरी हसली. "पूरा होइस त खतम. सवा रहिही त चलत रहिही."

पुरं झालं की संपलं. सव्वा राहिलं की चालत राहील. साडूंनी तिथंच खिशातून एक रुपया आणि चार आणे काढून ठेवले. घरी आले तर ताई डोळे उघडून विचारत होत्या, घरात लिंबाचं लोणचं आहे का.

यावर तुम्ही काय म्हणाल ते मला माहीत आहे. ताप उतरायचाच होता. मीही तेच म्हणतो. दिवसा तर अगदी ठासून म्हणतो.

त्यात साडूंची नोकरी सरकारी दफ्तरात, बिलाच्या खात्यात. पन्नास पैशांच्या खालचं सोडायचं, वरचं रुपयात धरायचं, हे त्यांनी जन्मभर केलं. दुसरा माणूस असता तर विसरून गेला असता. साडूंना ते सोडलेले पैसे आठवत राहायचे. "काहो साडू," दुपारी जेवण झाल्यावर सुपारी कातरता कातरता ते एकदम विचारायचे, "हे एवढं रोज राऊंड होऊन राहिलं, तं वरचं जाते कुठं?"

"कुठं जाणार? जातच नाही. हिशेबातून निघतं."

"हिशेबातून निघून कुठं जाते?"

ते स्वतःच खिडकीबाहेर बघत म्हणायचे, "कुठंतरी जमा होऊन राहिलं आहे. बारकं बारकं. एक दिवस मागायला येईन." आणि मग अडकित्त्याचा कट्ट आवाज. माझी सुपारी गिळली जायची.

राज्य नवं झालं, रायपूर राजधानी झालं, रस्ते फुगले, पाट्या बदलल्या, आणि सगळ्यांत आधी चवन्नी मेली. सरकारनं मारायच्या बऱ्याच आधी. बूढापाऱ्यातल्या किराणावाल्या शेटनं तिच्याकडे असं पाहायला सुरुवात केली, जसं लोक न बोलावलेल्या पाहुण्याकडे पाहतात. काडेपेटी पाऊण रुपयाची होती ती रुपयाची झाली. सव्वा रुपयाची कोथिंबिरीची जुडी दीडची झाली आणि दम खाऊन दोनाची. साडू रोज शेटच्या दुकानासमोर उभं राहून या विषयावर भाषण द्यायचे. बारकं नाणं गेलं की भाव वरच्या पायरीवर जाऊन बसतो. खालच्या पायरीवर आलेला भाव त्यांनी तरी पाहिला नव्हता. त्यातही शेट प्रत्येक जिनसेचे पैसे वेगळे वर ओढायचा. साडूंचं म्हणणं, आधी सगळ्याची बेरीज कर, मग काय ओढायचं ते एकदाच ओढ. शेट हात जोडायचा. "भैया, चवन्नी के लिए इतना क्यों सोचते हो? टॉफी ले जाओ." सुट्याऐवजी टॉफी! साडूंच्या घरी टॉफ्यांनी एक बरणी भरली. मग एक दिवस त्यांनी ती बरणी उचलून शेटच्या काउंटरवर ठेवली आणि एक किलो साखर मागितली. शेट म्हणाला, "टॉफी से थोड़ी मिलता है माल!" साडू म्हणाले, "तो मेरे को काहे से दिया था?" दुकानातली गिऱ्हाइकं हसली. साडू हसले नाहीत. हा माणूस कंजूस असता तर सारं सोपं होतं हो. पण शेटनं कधी चार आणे त्यांच्या बाजूला सोडले, तर हे जास्तच घाबरायचे. संध्याकाळी परत जाऊन, दुसरं काहीतरी घेऊन, ते फेडून यायचे. कोणाचं उरलेलं आपल्या घरात राहायला नको.

मात्र देवाच्या ठिकाणी त्यांचा हिशेब बंद असे. दिल्यावर परत घ्यायचं नाही, हा त्यांचा नियम. आमच्या चौबे कॉलनीच्या गणपतीत एकदा आरतीचं ताट समोर आलं आणि खिशात शंभराची नोट सोडून काही नव्हतं. ताटात सुट्या नाण्यांचा ढीग. पोरगं म्हणालं, "काका, नव्वद वापस ले लो." यांनी नोट टाकली, कपाळाला हात लावला आणि घरापर्यंत पायी गेले, कारण रिक्षाला पैसे उरले नव्हते. "देवाजवळ सुटे मागाचे म्हणजे काय? दुकान आहे का ते?" मलाही ते पटलं होतं. आमच्याकडे कोणालाही पटलं असतं.

सरकारनं शेवटी चवन्नी बंद करायचं जाहीर केलं तेव्हा साडू निवांत होते. वर्षाला एक लागायची, आणि त्यांच्याजवळ चवन्न्यांनी भरलेला बिस्किटांचा पत्र्याचा डबा होता. दुसऱ्याच आठवड्यात माझ्याकडे ताईंचा फोन. आवाजात आनंद मावत नव्हता. "भाऊजी, बँकेनं सांगितलं होतं ना, अमुक तारखेच्या आत आणून द्या म्हणून? आज मी अन् पोट्टी जाऊन आलो. आख्खा डबा देऊन टाकला! बाई इतकी चांगली होती जी, वरचे पंचवीस पैसे होते तं म्हणाली, राहू द्या आंटी, पूरे पकड़ लेती हूं. मी त्या पैशात कढई घेतली."

मी गेलो तेव्हा साडू त्या नव्या कढईसमोर पाटावर बसले होते. रागावले नव्हते. ताईंवर ते कधी रागावलेच नाहीत. पण एखाद्यानं घरातला दिवा विझवला तर अंधारात जसा चेहरा दिसतो, तसा त्यांचा चेहरा दिसत होता. मुलगी म्हणाली, "पापा, क्या फर्क पड़ता है? इस बार दो रुपये दे दो. राउंड फिगर." साडू तिच्याकडे न बघता ताईंकडे बघत म्हणाले, "न कमती, न जादा."

मग सुरू झाला चवन्नीचा शोध. अभनपूरच्या बाजारापर्यंत गेले. सोनारांना विचारलं, भंगारवाल्यांना विचारलं. गोलबाजारातल्या एका भिकाऱ्याला विचारलं, तर तो चिडून म्हणाला, "मजाक करते हो बाबूजी? चवन्नी तो हम भी फेंक देते हैं." "कुठं फेकली? जागा दाखव," म्हणत साडू त्याच्या मागं लागले, आणि भिकारी आपला कटोरा सांभाळत पळाला. भिकारी पुढं आणि सरकारी पेन्शनर मागं, हे दृश्य राजधानीनं त्या दिवशी पाहिलं. चैत्र जवळ येत चालला. एका संध्याकाळी साडू माझ्या दारात आले आणि म्हणाले, "साडू, तिच्या खोकल्याचा आवाज ऐकला का तुमी?" ताई फोडणीमुळे खोकल्या होत्या. मी तसं म्हणालो. ते म्हणाले, "तेव्हापण सुरुवात अशीच झाली होती."

आता मला हसू आलं नाही. मी डोकं चालवलं, आणि मला माझाच अभिमान वाटेल असा तोडगा निघाला. अठन्नी अजून चालू होती. "दोन वर्षांचे एकदम द्या. अडीच रुपये. पैसा इकडं नाही की तिकडं नाही."

साडू बराच वेळ बोटांवर काहीतरी करत राहिले. "म्हणजे पुढच्या वर्षाचं आगाऊ?"

"आगाऊ."

"चालन का तिले?"

चाललं. डोकरीनं अडीच रुपये घेतले, नाणी उलटीपालटी करून पाहिली आणि म्हणाली, "आगू के घलो देथस?" पुढचंही देतोस का? आणि म्हणे खूप हसली. ताईंचा खोकला गेला. पण साडू सांगायचे, त्या वर्षी घरात काहीतरी पुढचं आधी होऊ लागलं. कुकरची शिटी गॅस पेटवायच्या आधी ऐकू यायची. दारावर टकटक व्हायची, दार उघडावं तर कोणी नाही, आणि पाव तासानं पाहुणा यायचा. मी म्हणालो, "तुमचं घड्याळच पाव तास पुढं आहे." ते म्हणाले, "घड्याळ पुढं आहे साडू. कान कसे पुढं जातीन?" मी विषय बदलला. त्या दिवशी निघताना मी त्यांच्या जिन्यावर होतो आणि खालून कोणीतरी वर येत असल्याचा आवाज आला. मी कठड्याला चिकटून जागा दिली. कोणी आलं नाही. मी रिक्षात बसल्यावर पाहिलं, तर दूध देणारा माणूस तेव्हा कुठं गल्लीच्या तोंडाशी दिसला.

दोन वर्षं गेली तोवर अठन्नीही गेली. तिला सरकारनं मारलं नाही, रायपूरनं मारलं. शेटनं तिला हातसुद्धा लावला नाही. "सरकार का चलता होगा भैया, यहां नहीं चलता." बँकेतून आणलेली अठन्नी न्यावी, तर साडूंना ती नको. जे नाणं गावात कोणी घेत नाही ते देवीला द्यायचं म्हणजे फसवणूक, हे त्यांचं मत. राहिला पाचाचा ठोकळा. चार वर्षांचे पाच रुपये. हिशेब चोख, आणि साडूंची झोप उडालेली. "पाच म्हणजे पुरे झाले हो, साडू. त्यात सव्वा दिसते का कुठं?"

"आत आहे ना. चार वेळा आहे."

"आत आहे," ते स्वतःशीच म्हणाले. "झाकून गेलं."

त्या अष्टमीला मी बरोबर गेलो. भर दुपार. तलावाचं पाणी कढईतल्या तेलासारखं निश्चल. दूर कुठंतरी जंवाऱ्यांची, म्हणजे देवीपुढं रुजवलेल्या धान्याची, मिरवणूक निघाली होती, तिचा मांदर वाजत होता, आणि मध्येच तो थांबला की कान दुखतील इतकी शांतता. मी चार पावलं मागं उभा राहिलो. डोकरी तीच. ताईंच्या तापाच्या वेळी साडू तिला शंभराची म्हणायचे. आता माझ्याही डोळ्यांना ती शंभराचीच दिसली. साडूंनी पाचाचं नाणं ठेवलं. डोकरीनं ते मुठीत घेतलं, मान वर केली आणि काहीतरी विचारलं. साडूंनी हसून मान हलवली, नाही म्हणून.

रिक्षात बसल्यावर मी विचारलं, काय म्हणाली?

"म्हणाली, अउ तोर बर? तुझ्यासाठी काय? मी म्हणालो, माझं नाही. बाईचंच फक्त." आणि मग ते एकदम मिश्कील झाले. "मले कायले सव्वा रुपया घालवाचा, साडू? मी काय लहान नाणं आहे का?"

त्या पाचातली दोन वर्षंही सरली नव्हती. एका दुपारी साडू पोळी खाऊन, वरचा चतकोर खाऊन, सुपारी कातरत खुर्चीत बसले होते. अडकित्ता पडल्याचा आवाज झाला म्हणून ताई बाहेर आल्या. मी पोचलो तेव्हा मुलगी सांगत होती, बाजूच्या शाळेचे बाराचे टोले पडत होते तेव्हाच पापा गेले. बरोबर बाराला. मी त्यांच्या मनगटाकडे पाहिलं. ताईंनी भिंतीवर हात आपटला होता आणि बांगड्या त्याच वेळी फुटल्या होत्या, हे त्या सांगत होत्या, पण मला ऐकू येत नव्हतं. मी एवढंच म्हणत होतो की जगाचे बारा पुरे झाले असतील, साडूंच्या हातावर सव्वाबारा झाले होते. एवढं तरी त्यांनी साधलं.

ताईंनी त्या घड्याळाला हात लावला नाही. न्हाणीतली फरशीही बसवू दिली नाही. त्या नवसाला जन्मभर हसल्या होत्या; आताही हसायच्या, फक्त हसून झाल्यावर एकदा त्या घड्याळाकडे बघून घ्यायच्या. पाचातली उरलेली वर्षं त्या बिनघोर जगल्या. मग पुन्हा चैत्र आला, आणि त्यांनी मला बोलावून घेतलं. हातात दोनाचं नाणं ठेवलं.

"यंदा द्याचं आहे ना, भाऊजी? मले काही हौस नाही जगाची. पण त्यांचं राहून गेलं असं नको."

मी म्हणालो, "ताई, पाचाचं देतो. चार वर्षांचं होऊन जाईल."

"नाही जी. चार वर्षं मले एकदम झेपाची नाही. एकाच वर्षाचं द्या."

"एका वर्षाचे सव्वा रुपया होत नाहीत ताई. नाणंच नाही. त्यासाठीच तर हे सगळं…"

ताईंनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं त्या साडूंकडे पाहायच्या. "मंग सुटे मागा की."

इतकी वर्षं. सोनार, भंगारवाले, तो पळालेला भिकारी, अडीच रुपये, पाच रुपये, रात्री जागून मोजलेला ताईंचा श्वास. दोन सुशिक्षित पुरुष. आणि दोघांपैकी एकालाही हे सुचलं नव्हतं, कारण देवाजवळ सुटे मागायचे नसतात.

मी गेलो. तीच दुपार, तेच निश्चल पाणी. मांदर कुठंच नव्हता. दोनाचं नाणं दगडापुढं ठेवलं आणि कान तापलेले असताना म्हणालो, "डोकरी, सवा रुपया रखो. बाकी… बाकी वापस चाहिए."

"हव," ती म्हणाली, जणू रोजच कोणी मागत असावं. बसल्या जागी तिनं गोणपाटाखाली हात घातला. आत नाण्यांचा सळसळाट झाला. वरच्यावर नव्हे, खोल. विहिरीत बादली घासत जाते तसा. कितीतरी वेळ तो हात आत जात राहिला. एवढा लांब तो नव्हता. मग तिनं माझ्या तळहातावर तीन चवन्न्या ठेवल्या. ओल्या होत्या. चैत्रातल्या दुपारी बर्फासारख्या थंड होत्या.

"वो बाबू कभू नइ माँगिस," ती म्हणाली. त्यानं कधी मागितलं नाही.

मी कोणाचं नाव घेतलं नव्हतं. मी त्यांच्यासारखा दिसतही नाही. ते उंच, मी हा असा. मी म्हणालो, "वो बाबू तो गुजर गए."

डोकरीनं तलावाकडे हनुवटी केली. "रोज आथे," ती म्हणाली. "एक चक्कर, अउ थोकिन आगू."

रोज येतो. एक चक्कर, आणि थोडं पुढं.

ताईंनी तीनही चवन्न्या पदरानं पुसल्या आणि किती वेळ नुसत्या हातात धरून ठेवल्या. डोकरी काय म्हणाली ते मी सांगितलं. मला वाटलं त्या घाबरतील. त्या म्हणाल्या, "चपला घातल्या असतीन का त्यांनी? उन्हाचे तसेच जातात." मग एक चवन्नी त्यांनी देव्हाऱ्यात ठेवली आणि उरलेल्या दोन माझ्याकडे सरकवल्या. "एक छोटीले द्या, एक तुमी ठेवा. मी एकटी एवढं घेऊन काय करू? त्यांनी स्वतःसाठी घेतलं असतं तर…" ते वाक्य ताईंनीही पूर्ण केलं नाही.

बायकोची चवन्नी तिच्या मंगळसूत्राच्या डबीत आहे. माझी माझ्या खिशात. अलीकडे मी चौबे कॉलनीतून मुद्दाम बूढातलावावर फिरायला जातो. फेरी पूर्ण होते, साडूंचं घर समोर येतं, वरच्या खिडकीत ताई असतात. मी तिथं थांबत नाही. मागं चपला वाजत असतात, कधी वाजत नसतात. मी पाहत नाही. थोडं पुढं पिंपळाखाली तो जुना रिक्षावाला अजून उभा असतो. मी बसतो आणि सवयीनं एका कडेला सरकतो, शेजारी थोडी जागा सोडून. रिक्षावाला क्षणभर थांबतो, आणि मग पायडलवर जरा जास्तच जोर देतो.